रामजीतात्यांची काच

रामजीतात्यांशी बोलायचं तर आधी स्वतःचं तोंड बघावं लागतं. पोलादपूरहून उमरठच्या अंगाला डोंगर चढून आमच्या वाडीत आलात, की पहिल्याच घराला भिंतीएवढी निळसर काच दिसेल. काचेत तुम्ही दिसाल, तुमच्यामागचा डोंगर दिसेल आणि वरच्या झरोक्यातून आवाज येईल, "या पावणं, शर्टाची बटनं खालवर लागलीत."

तात्या आत बसलेले असतात. त्यांना आपण दिसतो, आपल्याला ते दिसत नाहीत. मी वाडीतली अंगणवाडी चालवते, तेव्हा चारचौघांत जरा मान आहे माझा. तो एका सकाळी गेला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी त्या काचेत एक पांढरा केस उपटला, तर आतून अगदी आपुलकीनं सांगण्यात आलं, "बाई, कानामागं आजून एक हाय."

तात्यांची हयात मुंबईत मोठमोठ्या इमारतींना काचा बसवण्यात गेली. गावी परतताना लोक फ्रीज आणतात, टीव्ही आणतात. तात्यांनी कामावर उरलेली काच आणली. सडक संपेपर्यंत टेम्पोनं, आणि पुढं गोधड्यांत गुंडाळून गड्यांच्या खांद्यावरून. वाटेत एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावून कोण गेलं म्हणून विचारलं. काचेपुढं चालणाऱ्या तात्यांनी थांबून तिला सगळं समजावून दिलं.

ते समजावणं वाडीला पाठ आहे. काचेवर चांदीचा थर आहे. केस उभा चिरून हजार भाग केले, तरी त्यातला एक भाग त्याच्यापुढं जाड पडेल. "जाड लावला तर पत्रा, पातळ लावला तर सायन्स," असं तात्या म्हणतात. एवढा पातळ थर थोडा उजेड परत फिरवतो आणि थोडा आत सोडतो. कुणी नुसतं 'चमकते छान' म्हटलं तरी त्यांना राग येतो. "शायनिंग नाय, सायन्स हाय," हे ऐकूनच त्याला पुढं जाता येतं.

जनावरांना सायन्स पटलं नाही. आमचा बैल काचेतल्या बैलावर धावून गेला आणि शिंग चोळत परत आला. काचेला ओरखडा नाही म्हणून तात्यांनी वाडीत पेढे वाटले. शेजारच्या ठकूआत्याचा कोंबडा रोज उन्हं आली की भांडायला हजर. तिची म्हैस मात्र काचेपुढं तासन्‌तास शांत उभी राहते. इतकं देखणं तिला आजवर कुणी भेटलं नसावं.

आता एक गोष्ट तात्यांना ठाऊक नव्हती. ही काच ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूला आरसा होते. मुंबईत त्यांचं काम दिवसाउजेडी चालायचं, म्हणून हे कधी ध्यानात आलं नसावं. दिवेलागणीला त्यांनी घरात ट्यूब लावली, की अंगणातून आम्हांला सगळी खोली लख्ख दिसायची आणि तात्यांना काचेत फक्त तात्या.

अंगणात पंचायतीचा सौरदिवा आहे. त्याच्या मिणमिणत्या उजेडात आम्ही बायका संध्याकाळी वाल सोलत बसतो. समोर तात्या बनियनवर मिशीला कलप लावायचे, पोट आत ओढून दम संपेपर्यंत उभे राहायचे, केरसुणी धरून नाचायचे. दिवसभर ते आम्हांला बघत, संध्याकाळी आम्ही त्यांना. यात कुणावर अन्याय होतोय असं वाटलं नाही.

मग एकदा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि काचेकडे, म्हणजे थेट आमच्याकडे, बघून हसले. झरोक्यातून ऐकू आलं, "मी मजेत हाय. तू पोराकडंच ऱ्हा." ते पसंत पडलं नसावं. पुन्हा हसून म्हणाले, "हिकडं समदी हायत गो, मी एकटा कुठं हाय?" असं बरंच घोकून झाल्यावर त्यांनी मोबाइल उचलून बायकोला, सुमनकाकींना, व्हिडिओ कॉल लावला.

काकी मुंबईला मुलाकडे असतात. नातू चालायला लागेपर्यंत म्हणून गेल्या होत्या. नातू आता सायकल चालवतो.

पहिल्या दिवशी आम्ही पदरात तोंड खुपसून हसलो. मग ते रोजचंच झालं, आणि हसू येईनासं झालं. काचेचं तात्यांना सांगायला हवं असं ठकूआत्या म्हणाली, आणि ते काम माझ्या गळ्यात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. काचेत माझंच तोंड समोर आलं, तशी वाटीभर साखर मागून परत फिरले.

त्याच संध्याकाळी, तात्या 'मी मजेत हाय'पर्यंत आले आणि वीज गेली.

सौरदिवा चालूच होता. तात्या दिसेनासे झाले आणि काचेत आम्ही उगवलो. मांडीत वाल, तोंडं उघडी, सगळ्या त्यांच्याकडे बघत बसलेल्या. म्हणजे आतून तात्यांनाही तेच दिसत होतं. कुणाला उठायचंही सुचलं नाही.

दार उघडलं. तात्या बाहेर आले आणि पायरीवर बसले. शिव्या येणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या.

"कदीपासनं बगताव?" त्यांनी विचारलं.

"काच लावलीस तवापासनं," ठकूआत्या म्हणाली.

त्यांनी सुपातला एक वाल उचलून सोलला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "बरा बोलतो का गो मी? तिला पटत आसंल?"

मी हातातला वाल सोलत राहिले. ठकूआत्याच म्हणाली, "नाय रे रामजी. आमाला पन नाय पटलं."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. कॉल आला नाही म्हणून काकींनीच लावला होता. तात्यांनी तो तोंडासमोर धरला, हसू आणायला गेले, पण आलं नाही.

"कदी येतेस गो?" ते म्हणाले.

तिकडून काकी म्हणाल्या, "आज पयल्यांदा इचारलंत."