शिळ्या वॉरंटाची हळद

कायद्याला मी भीत नाही! शाळा सातवीत सुटली, पण कायदा मी स्वतः वाचून शिकलोय. आमच्या कडाव फाट्यावरचा खड्डा कुणी बुजवेना, म्हणून भर रस्त्यात त्या खड्ड्यात ताट घेऊन जेवायला बसलो होतो. केस झाली. तारखांना गेलो नाही. खड्डा यांचा आणि हेलपाटे मी घालायचे? शेवटी कोर्टानं अटकेचं वॉरंट काढलं. पोलीस घरी आले तेव्हा मी बाहेरगावी कामाला.

त्याला जमाना लोटला. म्हणून पोरीच्या, सोनालीच्या, हळदीदिवशी स्पीकरची परवानगी काढायला मी स्वतःच पोलीस ठाण्यात निघालो.

बायको पारू दारात आडवी. "अवो, वारंट हाय ना तुमच्या नावाचं?"

"चेकला मुदत, औषधाला मुदत. वॉरंट काय अमृत पिऊन आलंय?"

ठाण्यात हवालदार हर्षला मॅडमनी कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं आणि त्यांच्या भुवया कपाळात गेल्या.

"काका, बसा. तुमचं वॉरंट आहे."

"ते शिळं झालं!"

"वॉरंट शिळं होत नाही, काका. एक तर आम्ही बजावायचं, नाहीतर कोर्टानं रद्द करायचं. तोवर जिवंत. आणि आज तुम्ही स्वतःच चालत आलात!"

उद्या कन्यादान कोण करणार?

पारूचा फोन. "भेटली परवानगी?"

"मला बसवून घेतलंय गं..." आणि फोन मेला!

पारूला वाटलं, मानानं बसवलंय. तिनं लगेच खालापूरला व्याह्यांना, जगदीशरावांना, कळवलं, "सायबांची नि आमच्या मालकांची लई ओळख हाय!" जगदीशरावांचं ठाण्यात काहीतरी अडलेलं. ओळखीचा उपयोग करायला ते तडक आले, आणि मला पोलिसांच्या गाडीत चढताना बघून दारातच थिजले.

संपलं! लग्न मोडलं!

"कशापायी नेतायत तुमाला?"

"कडाव फाट्याच्या खड्ड्यापायी..."

"त्यो? रं देवा! मगाशी त्यातच माज्या गाडीचा पाटा तुटला! चला, मी ऱ्हातो जामीन!"

कोर्टात न्यायाधीशांनी झापलं, व्याह्यांचा जामीन घेतला, वॉरंट रद्द केलं. स्पीकरची परवानगीही मिळाली. संध्याकाळी हळदीत मी व्याह्यांना खांद्यावर घेऊन असा नाचलो, की मांडव हलला!

आणि ऐन रंगात गाणं बंद. स्पीकरपाशी हर्षला मॅडम.

"काका, दहा वाजले. याला मात्र मुदत असते."