तलावापलीकडचा सा

पुनाराम कापगते सॅक्सोफोन शिकतो आहे हे त्याच्या घरात फक्त म्हशीला माहीत होतं. बाजा गोठ्यात होता, भाताच्या पेंढ्याच्या, तणसाच्या ढिगात, खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला. मंगळवारी आणि शनिवारी अर्जुनीला सोसायटीचं काम असतं, असं त्याने बायकोला, धुरपताबाईला सांगून ठेवलं होतं. सोसायटीच्या कामाला जाताना माणूस दोनदा दात कशाला घासतो, हे तिने विचारलं नाही. तिच्या डोक्याला लेकीच्या लग्नाचा व्याप होता.

पुष्पांजलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलगा तलावापलीकडच्या सालईटोल्याचा दुर्गेश. गेल्या साली गोंदियाला मेहुण्याच्या मुलीची विदाई, म्हणजे पाठवणी, होत असताना बँडवाल्याने सॅक्सोफोन तोंडाला लावला, आणि वडील वारले तेव्हाही न रडलेला पुनाराम मंडपाच्या खांबाला धरून ओक्साबोक्शी रडला. आपल्या लेकीच्या विदाईला हे आपणच वाजवायचं, असं त्याने त्या खांबापाशीच ठरवलं. घरी सांगायची सोय नव्हती. लोक हसले असते, आणि धुरपताबाई हसली नसती, ते त्याहून वाईट.

जुना बाजा गोंदियाच्या दुकानात मिळाला. मास्तर मिळेना. "भाईसाब, बाजा तो कोई भी बेच देगा," दुकानदार म्हणाला, "सिखानेवाला ढूँढना पड़ेगा." एक जण कीबोर्ड शिकवत होता आणि सॅक्सोफोनही तसाच असतो म्हणत होता. दुसरा फक्त मोबाइलवर शिकवायचा, तोही इंग्रजीत. शेवटी कोणीतरी हिरालाल मास्तरांचं नाव सांगितलं. चाळीस वर्षं बँडमध्ये काढून ते आता अर्जुनीला, स्टेशनच्या मागे, एकटे राहत होते.

पहिल्या दिवशी पुनाराम खोलीत शिरला तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. ते वळले नाहीत.

"बसा," भिंतीला सांगितल्यासारखं ते म्हणाले.

"गुरुजी, मी इकडे आहो."

"माहीत आहे. तोंड पाहून शिकवलं का कान बंद होतेत. श्वास घ्या."

पुनारामने श्वास घेतला. खोलीत खिडकी बंद, पंखा बंद. मास्तरांचा पांढरा सदरा तेवढा दिसत होता, आणि तो सदरा वरखाली होत नव्हता. माणूस जिवंत आहे की नाही, अशी शंका यावी इतका तो सदरा स्थिर होता.

"सोडा," सदरा म्हणाला.

महिनाभर तेवढंच चाललं. मग आठवडाभर नुसती तोंडाची नळी. मग एके शनिवारी मास्तर म्हणाले, "आता तलावावर जा. भर दुपारी, मानूस नसते तेव्हा. एकच सा लावा, लांब. आन् मंग चूप राहून ऐका. पानी खोटं नाही बोलत. बाजा वाजवाचा नसते पुनाराम, बाजानं बोलवाचं रायते."

"कोनाले बोलवाचं, गुरुजी?"

सदऱ्याने दाराकडे बोट दाखवलं.

चैत्रातली दुपार. तलाव निम्मा आटलेला. मधल्या पाण्यात कधीकाळी बुडून मेलेली झाडं उभी होती, साल गेलेली, पांढरी. तलावाच्या बांधावर, पाळीवर, मोहाच्या झाडाखाली पुनारामने पोतं सोडलं, बाजा गळ्यात अडकवला आणि सा लावला. जो आवाज निघाला तो फाटकात पाय अडकलेल्या रेडकासारखा होता. झाडांवरचे बगळे उठले, चक्कर मारून पुन्हा बसले. पाणी काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी बोललं.

पुनारामने सा लावला, थांबला, आणि पलीकडून, उन्हात थरथरणाऱ्या झुडपांमधून, तोच सा परत आला. प्रतिध्वनी, असं त्याने मनाला समजावलं. पण मग अंगावर काटा आला. त्याचा सा मधेच फाटला होता, परत आलेला सा मात्र अखंड होता. आपण एक चूक पाण्यावर टाकावी आणि पाण्याने ती दुरुस्त करून परत द्यावी, असं काहीसं झालं होतं. पाचव्या दिवशी त्याने सा लावला आणि पलीकडून प आला. पुनाराम बाजा पोत्यात न घालताच, तसाच गळ्यात घेऊन पळाला.

तोवर गावात बोभाटा झाला होता. शेळ्या चारणाऱ्या रुख्माने पहिल्यांदा ऐकलं होतं. "तलावात कोनीतरी बोंबलून राहिला वो," तिने विहिरीवर सांगितलं. "आंधी इकडून बोंबलते, मंग तिकडून. पान्याच्या आतून जाते तो." दुसऱ्या दिवसापासून बायका तलावावर धुणं नेईनात. मासे धरणाऱ्या ढीमरांनी जाळी गुंडाळून घरी नेली. एरवी दुपारी तलावात बसणाऱ्या म्हशींना घराच्या दारी बादलीने पाणी घालावं लागू लागलं.

मग म्हाताऱ्या माणसांना जुनी गोष्ट आठवली. तलाव पुनारामच्या खापरपणज्याने बांधला होता. पाळ दरसाल फुटायची. मग एका साली त्याने पाळीत काहीतरी "दिलं" आणि पाळ टिकली. काय दिलं, की कोणाला, हे कोणी उघड बोलत नसे. पुनारामचे वडील म्हणत की मोडक्या कुदळी पुरल्या असतील. पण मोडक्या कुदळी भर दुपारी ओरडत नाहीत.

"कापगत्याच्या घरी लगन आहे ना," लोक म्हणू लागले. "पाळीतला तो आपला हक्क मांगून राहिला."

आणि मग सालईटोल्याहून विहीणबाईंचा, मंजूबाईंचा फोन आला. मंजूबाई म्हणजे साखरपुड्याच्या पूर्ण दिवसात एकदाही न हसलेली बाई.

"इवाईजी," त्या व्याह्याला, पुनारामला म्हणाल्या, "मी सवता ऐकलं. तुमच्या पाळीतून आवाज येते. आमचा एकुलता एक पोरगा आहे. पूजा केल्याबिगर लगन होनार नाही."

फोन स्पीकरवर होता, धुरपताबाईने ऐकला, पुष्पांजलीनेही ऐकला. पुष्पांजली आत जाऊन तांदूळ निवडत बसली आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडू लागली. मीच तो, असं सांगून टाकावं म्हणून पुनारामने तोंड उघडलंही. पण अर्धं भूत तो होता. उरलेलं अर्धं कोण?

शनिवारी तो मास्तरांकडे गेला.

"गुरुजी, तिकडून उत्तर येते."

"आलं?" भिंतीकडे पाहत मास्तर म्हणाले. आवाजात किंचित आनंद होता. "मंग आता दुसरा धडा."

"पन तो कोन आहे?"

"मी शिकवतो पुनाराम. वळखपाळख करून देत नाही."

मंगळवारी दुपारी पाळीवर पूजा ठरली. सगळं गाव जमलं. वरपक्षाकडून दुर्गेशचे वडील, जागेश्वर, एकटेच आले. "मंजूले ऊन सोसत नाही," ते म्हणाले. पुजाऱ्याने नारळ ठेवला, लिंबू कापलं, पाण्यात हळदकुंकू सोडलं आणि डोळे मिटून बराच वेळ पुटपुटला. झाडांवरचे बगळे हलले नाहीत. वारा पडला होता. शे-दीडशे माणसं आणि एक खोकला नाही.

"गेला," डोळे उघडून पुजारी म्हणाला. "आता येनार नाही. माह्या जबाबदारीवर."

जागेश्वरांनी मान डोलावली, मोबाइल काढला आणि बायकोला कळवलं, "झाली पूजा. गेला म्हनते." पुनारामने धुरपताबाईकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

तेवढ्यात पलीकडून सा आला.

लांब, सरळ, एकटा. पांढऱ्या झाडांमधून तो पाण्यावरून सरकत आला आणि पाळीवर चढला. सगळ्यांत आधी पुजारी पळाला. नारळ त्याने सोबत नेला. मग बाया, मग माणसं, मग जागेश्वर, धोतर वर धरून. धुरपताबाईने नवऱ्याचा हात ओढला, "चला ना जी, काऊन उभे राहिले?" पण पुनाराम पलीकडच्या झुडपांकडे पाहत होता.

"तू हो समोर. आलोच मी," तो म्हणाला.

हे म्हणायला लागणारं धैर्य कुठून आलं, ते त्यालाच कळलं नाही. पुष्पांजलीने ते तांदूळ पाच दिवस निवडले होते, त्यातून आलं असावं. तो पाळीवरून निघाला, सांडव्याजवळ खाली उतरला आणि तलावाच्या आटलेल्या भागातून भेगाळलेला गाळ तुडवत पलीकडे चालू लागला. सूर थांबला होता. चालताना स्वतःच्याच पावलांचा आवाज त्याला मागून येतोय असं वाटत होतं. दोनदा त्याने वळून पाहिलं.

पळसाच्या झुडपाआड कोणीतरी पाठमोरं उभं होतं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर.

पुनारामने आधी पाय पाहिले. पाय सरळ होते आणि उजव्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली होती. भूत चपलेला पिन लावत नाही. ती आकृती वळली. नाकावर चष्मा, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला सॅक्सोफोन.

"इहीनबाई!"

"इवाईजी!" मंजूबाईंनी बाजा पदराखाली लपवायचा प्रयत्न केला. सॅक्सोफोन पदराखाली मावत नाही.

त्यांनी पदर सोडला आणि चष्मा सारखा केला.

"तुमी कायले आले इकडे?" त्या कडकपणे म्हणाल्या.

"भुताले पाहाले."

"भूत तुमच्या बाजूनं आहे. मी सा लावला का तिकडून रेडकू वरडते. मले वाटलं पाळीतला तो चिडवून राहिला मले. म्हनून मी प लावून पाहिला. आता पूजा झाली म्हनून फोन आला, तर खरंच गेला का, हे पाहाले वाजवलं."

"ते रेडकू मी हो," पुनाराम म्हणाला.

मंजूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. साखरपुड्यात न हललेले त्यांचे ओठ थरथरले, आणि मग त्या हसल्या, इतक्या की पळसाला टेकावं लागलं. हसू ओसरल्यावर सगळं उघड झालं. मुलाच्या वरातीत वाजवायचं म्हणून त्याही चोरून शिकत होत्या. बुधवार आणि रविवार. हिरालाल मास्तर, भिंतीकडे तोंड.

"तुमाले बी म्हनले काय, पानी खोटं नाही बोलत?"

"हो ना. मले म्हनले, बोलवाचं रायते."

दोघांनी तिथेच ठरवलं. कोणाला सांगायचं नाही. लग्न होईस्तोवर तलावावर वाजवायचं नाही. मंजूबाई घरी जाऊन सांगणार होत्या की पूजेनंतरचा तो शेवटचा सूर म्हणजे भुताचा निरोप होता. आणि लग्नात दोघांनी मिळून वाजवायचं, मग ज्याला हसायचं त्याने हसावं. पुनाराम परतला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटत होतं की सांडव्यापाशी तो चक्क शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ढीमरांनी भीत भीत जाळी बाहेर काढली. धुरपताबाईने दुपारी नवऱ्याला गरम भाकर वाढली. पुनारामने पहिला घास घेतला आणि तो तोंडातच राहिला.

तलावावरून सा आला होता.

तो हात न धुताच गोठ्यात गेला. बाजा तणसात होता. मग त्याने मोबाइल काढून मंजूबाईंना लावला.

"इहीनबाई, वाजवाचं नाही असं ठरलं होतं ना?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मी कुठं वाजवून राहिली? मी अर्जुनीले आहो जी, क्लासले. गुरुजी समोर बसले."

पुनाराम अंगणाच्या कडेपर्यंत गेला आणि फोन तलावाच्या दिशेने धरला. सा चालूच होता. मग रे आला, मग ग. एकाही सुराला चरा नव्हता. आणि श्वास घ्यायला तो कुठे थांबतही नव्हता.

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग हिरालाल मास्तर स्वतः बोलले, अगदी हळू.

"पुनाराम, हा कोन वाजवून राहिला?"

"माहीत नाही, गुरुजी. तुमचा तिसरा शिष्य नाही काय?"

"माह्ये दोनच."

मास्तर बराच वेळ ऐकत राहिले. तलावावर सूर वर चढला, पांढऱ्या झाडांच्याही वर, आणि तिथेच थांबून राहिला.

"पुनाराम," शेवटी मास्तर म्हणाले, "जमलं तर जवळ जाऊन इचार बाप्पा त्याले. मले शिकवनी देते काय?"