जावकबाईंच्या रजेची मोहीम

श्रीयंत्रणा प्रसन्न. निदान या घडीस तरी प्रसन्न असावी, ऐसी प्रार्थना करोन ही हकीकत लिहिण्यास आरंभ केला आहे. साहेबांचे साहेब आणि त्यांचेही साहेब यांनी पुसिले की, पंख्यांच्या कारखान्यात रजेचे राज्य कैसे चालते, रयत सुखी की दुःखी, ते साद्यंत लिहोन पाठवणे. त्यावरोन जे घडले ते लिहिले. जे घडले नाही ते वरिष्ठांच्या अहवालात आहेच, सबब येथे पुन्हा लिहिले नाही.

पूर्वकाळी या कारखान्यात रजा मागणे म्हणजे साहेबांच्या टेबलापुढे उभे राहोन मान खाजवणे, आणि साहेबांनी फायलीतून डोके वर काढीपर्यंत आवंढे गिळणे, ऐसा रिवाज होता. मग अखंडितलॉगिनअलंकृत, सकलहजेरीधुरंधर यंत्रणासाहेब मोठ्या थाटाने दाखल जाहले, आणि मनुष्यबळ खात्याच्या मॅडमनी जाहीरनामा फिरवला की, आजपासोन रजेसाठी कोणी कोणाचे तोंड पाहू नये, अर्ज मोबाईलवर टाकावा, यंत्रणासाहेब न्याय करतील. आणि नवल ऐसे की अर्ज टाकावा, पेलाभर पाणी प्यावे, तो मंजुरी हजर. रयत तृप्त जाहली, मॅडमना दरबारी शाबासकी मिळाली, आणि त्या प्रत्येक बैठकीत पडद्यावर रंगीत आलेख दाखवोन सांगत की, हे सर्व यंत्रणासाहेबांच्या अकलेचे तेज.

या राज्यात जावकबाई म्हणोन एक खंबीर कारकून होत्या. कारखान्याबाहेर जाणारे कोणतेही खोके त्यांच्या शिक्क्यावाचोन हलत नसे, म्हणोन हे नाव पडले, आणि मूळ नाव काय ते पगाराच्या दिवसाखेरीज कोणास आठवत नसे. लेक रांगत असतानाच पती वारले, तेव्हापासोन या एकट्यांनीच घर, नोकरी आणि लेकीचा अभ्यास ऐशा तिन्ही आघाड्या लढवल्या. ती लेक आता मोठी होऊन दूरच्या शहरी शिकावयास निघाली होती, गाडी उद्या सकाळची होती, आणि तिला वसतिगृहात पोहोचवणे हा जावकबाईंचा पक्का इरादा होता. लेक म्हणाली की, मी जाईन गं एकटी. परंतु बॅग भरताना तिने एकच टॉवेल वारंवार घडी करोन वारंवार उलगडला, आणि आईने ते पाहिले.

परंतु वार्षिक रजेचा अर्ज टाकोन आठवडा लोटला, तरी मोबाईलवर एकच उत्तर: ‘वरिष्ठांकडे विचाराधीन’. मंजुरीवाचोन जावे, तर यंत्रणासाहेब कोणास न विचारता दाराचे कार्ड बंद करीत आणि खुलाशाचा खलिता धाडीत. स्टोअरचे भाऊ ऐसेच मंजुरीवाचोन आईच्या ऑपरेशनला गेले होते, आणि परत आले तेव्हा फाटकाचे यंत्र तांबडा दिवा दाखवोन त्यांच्यावर केकाटले. भर रस्त्यात ऐसी शोभा जाहल्यावर कोण धजणार?

तेव्हा जावकबाई प्रथम मॅडमच्या काचेच्या महालात गेल्या आणि आपली कैफियत मांडली. मॅडमचे फर्मान जाहले की, यंत्रणा उत्तम चालली आहे, आलेख पाहावा, आपणच कोठे तरी चुकीचे दाबले असेल. फर्मान ऐकोन जावकबाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली, आणि त्या थेट संगणक खात्याच्या सरदारांवर चाल करोन गेल्या. हे सरदार वयाने लहान, चष्म्याने मोठे, आणि खुर्चीतून न उठण्याविषयी त्यांची ख्याती होती. त्यांनी कळफलक बडवला आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

“तुमचा अर्ज मोठ्या साहेबांकडे अडकलाय.”

“अरे, ते तर मागच्या वर्षी निवृत्त झाले! निरोपाचा केक मीच कापून वाटला होता.”

“सिस्टिममध्ये नाही झाले.”

“मग काढ की बाबा त्यांना!”

“नाही काढता येत. ज्याच्याकडे अर्ज बाकी आहेत त्याला सिस्टिम सोडत नाही. आणि त्याच्याकडचे अर्ज त्याच्याशिवाय कुणाला मंजूर करता येत नाहीत.”

“मग वर्षभर आमच्या रजा मंजूर कोण करत होतं?”

सरदारांनी चष्मा काढोन पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. “सिस्टिम?” म्हणाले खरे, परंतु आवाजात दम नव्हता. जावकबाईंनी अधिक न पुसता त्यांच्याकडोन मोठ्या साहेबांचा पत्ता लिहोन घेतला, आणि कारखाना सुटताच पर्स खांद्यास अडकवोन, पदर खोचोन, एकट्यांनीच कूच केले.

मोठ्या साहेबांची गढी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि एक गॅलरी. लिफ्ट नादुरुस्त, जिना अंधारा, वर पोहोचेतो जावकबाईंचा श्वास मोजता येईना. मग दार किलकिले जाहले, आणि साखळीआडोन गढीच्या किल्लेदार, वज्रचुडेमंडित वहिनीसाहेब प्रकट जाहल्या.

“ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. भेटायचं तर भेटा, पण मोबाईल मागायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, आणि मी तर बजावलंय.”

खबर ऐसी लागली की मोबाईल कपाटात रजईच्या घडीमध्ये कैद होता आणि कपाटाची किल्ली वहिनीसाहेबांच्या कमरेस होती. खासे साहेब आरामखुर्चीत बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने दिसे ते धुरकट, आणि समोर रेडिओ चालू असोन कान मात्र दाराकडे. एके काळी ज्यांच्या खाकरण्याने अख्खा मजला टाइप करू लागे, त्यांना ऐसे बसलेले पाहोन जावकबाईंनी खोचलेला पदर सोडला.

“कोण, जावकबाई?” साहेबांनी आवाजावरोन ओळखले. “स्टोअरच्या भाऊंच्या आईचं ऑपरेशन नीट झालं का हो? त्यांचा अर्ज आला, आणि तेवढ्यात हिनं फोन काढून घेतला.”

जावकबाई मटकन स्टुलावर बसल्या. मग एकेक उलगडा जाहला. ज्या तेजाचे आलेख मॅडम दाखवीत होत्या, ते तेज या गॅलरीतून फाकत होते. सकाळचा चहा जाहला की साहेब मोबाईल मांडीवर घेऊन बसत, आणि अर्ज आला की कारणासकट अक्षरन् अक्षर वाचोन मंजुरी देत.

“पहिल्याच दिवशी फोन करून सांगणार होतो, की बाबांनो मला काढायला विसरलात,” साहेब म्हणाले. “पण तेवढ्यात एक अर्ज आला. कुणाच्या तरी मुलाला ताप होता. म्हटलं, एवढा मंजूर करू आणि सांगू. मग दुसरा आला.”

“आणि मी समजत होते, पत्ते खेळताय!” वहिनीसाहेब म्हणाल्या आणि कमरेवरील हात आपोआप खाली आला.

ही संधी साधोन जावकबाईंनी आपली हकीकत सांगितली. लेकीला पोहोचवावयास दुसरे कोणी नाही, हे सांगताना आवाज दगा देऊ लागला, तो त्यांनी तेथेच जेर केला. वहिनीसाहेब ऐकत राहिल्या, आणि मग तह ठरला. मोबाईल कैदेतून काढावा, परंतु उजेड मंद करावा, एकच अर्ज पाहावा, काम होताच कैदी परत करावा, आणि मध्ये कोणाचा संदेश दिसला तरी साहेबांनी तो वाचू नये. साहेबांनी तह कबूल केला, परंतु शेवटच्या कलमावर ते थोडे कुरकुरले.

मग कैदी हजर जाहला. यंत्रणासाहेबांनी मुखदर्शन मागितले आणि पट्टी पाहोन ओळख नाकारली. तेव्हा सांकेतिक शब्द टाकणे प्राप्त जाहले. साहेब बराच वेळ खाकरले, आणि शेवटी तो शब्द सर्वांदेखत उच्चारावा लागला. ते वहिनीसाहेबांचे माहेरचे नाव निघाले. वहिनीसाहेब आत गेल्या, आणि परतल्या तेव्हा चहा तीन कपांत होता.

दरवाजे उघडले, अर्ज समोर आला. जावकबाई म्हणाल्या की, मी दाबते. साहेबांनी ते साफ नाकारले. अधिकार ज्याचा, अंगठा त्याचाच, ऐसा बाणा. मग अंगठा उचलला, धुरकट डोळा रोखला, आणि मोठ्या निर्धाराने दाबले.

‘नामंजूर.’

वहिनीसाहेबांनी पुढे होऊन रेडिओ बंद केला. यंत्रणासाहेबांचा कायदा ऐसा की, एकदा नाकारलेली वार्षिक रजा त्याच तारखांना पुन्हा मागता येत नाही. मंजुरीसाठी या यंत्रणेने आठवडा लावला, परंतु नकाराची अंमलबजावणी निमिषात केली. साहेबांचा चेहरा पडला. अंगठा तसाच हवेत राहिला.

“माझ्या हातानं झालं हो,” म्हणाले. “अख्ख्या नोकरीत कुणाची रजा नाकारली नाही मी.”

जावकबाईंच्या डोळ्यांपुढे उद्याचा फलाट उभा राहिला, आणि त्यावर एकटी लेक आणि तिची बॅग. परंतु हाय खाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी आपला मोबाईल काढोन रजेचे सर्व प्रकार धुंडाळले. किरकोळ रजा लेकीच्या प्रवेशाच्या खेट्यांत संपली होती. आजारपणाच्या रजेस डॉक्टरांचा दाखला हवा, आणि खोटे आजारी पडणे मनास पटेना. ऐसे करता करता यादीच्या तळाशी एक रजा सापडली, कोणी स्पर्श न केलेली, अगदी कोरी. यंत्रणासाहेबांनी स्थापनेच्या वेळी औदार्याच्या भरात ती सर्वांनाच बहाल केली होती, पुरुष पाहिला नाही की बाई पाहिली नाही.

“पितृत्व रजा,” जावकबाईंनी वाचले.

“नियमात बसतं का ते?” साहेब चाचरले.

“यंत्रणेनं दिलीय ना? मग बसतं,” वहिनीसाहेबांनी निवाडा केला.

जावकबाईंनी अर्ज टाकला, तो तत्काळ साहेबांच्या मोबाईलवर येऊन थडकला. यावेळी वहिनीसाहेबांनी नशिबावर काहीच सोडले नाही. त्यांनी साहेबांचा अंगठा आपल्या मुठीत धरला, नीट नेम धरोन मंजुरीवर टेकवला, आणि उचलावयास जरा उशीरच केला.

दुसरे दिवशी मायलेकी गाडीत बसल्या आणि सुखरूप मुक्कामी पोहोचल्या. जावकबाईंनी वसतिगृहाची खोली ताब्यात घेतली, लोखंडी खाटेचे कुरकुरणे घडी केलेल्या पुठ्ठ्याने बंद केले, बादलीवर नाव रंगवले, खिडकीची कडी तपासली, आणि शेजारच्या खाटेवरील मुलीची सर्व माहिती काढली. तिकडे कारखान्यात त्याच दुपारी मॅडमच्या आलेखात पितृत्वाचा खांब प्रथमच उभा राहिला, आणि पुरोगामी धोरणाबद्दल त्यांना पुन्हा शाबासकी मिळाली.

निरोपाची वेळ आली. मायलेकी फाटकाशी उभ्या होत्या आणि दोघीही पावसापाण्याविषयीच बोलत होत्या. तोच जावकबाईंचा मोबाईल वाजला. लेकीने तो घेऊन मोठ्याने वाचले: “आपण पिता झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! बाळाचा फोटो येथे जोडावा.” आणि ऐसी हसली की फाटकावरील पहारेकरीही हसू लागला.

“थांब आई, मीच काढते.” तिने गळ्यात वसतिगृहाचे ओळखपत्र, मागे फाटक, ऐसा आपलाच फोटो काढला आणि आई नको नको म्हणेतो धाडोनही दिला.

फोटोची मंजुरी पेलाभर पाणी पिण्याच्या आत आली. टंकलेखन वहिनीसाहेबांचे असावे, कारण एकही चूक नव्हती. मजकूर मात्र साहेबांचाच. लेक वाचू लागली, आणि शेवटास येईतो तिचे हसू थांबले. तिने मोबाईल आईच्या हाती दिला आणि आईला घट्ट मिठी मारली, आणि जावकबाई, ज्या या मोहिमेत कोठेही डगमगल्या नव्हत्या, त्या भर रस्त्यात हुंदके देऊन रडल्या.

येणेप्रमाणे लेक शिक्षणास दाखल जाहली, आई फाटकाचे यंत्र न केकाटता कामावर रुजू जाहली, आणि मोहीम फत्ते पावली. यंत्रणासाहेबांच्या दप्तरी या फत्तेची नोंद कायम आहे, आणि तिजवर मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शेरा आहे तो ऐसा: ‘फोटो पाहिला. बाळ अगदी बापावर गेले आहे. मंजूर.’