नाफडे कठड्यावर राहतात

दिगंबर नाफडे सहा वर्षं ज्या घरात राहत होते त्या घरात ते राहत नाहीत, असं त्या घरातल्या जंतूंनी नगरपालिकेला लेखी कळवलं.

पाहणी दर दहा वर्षांनी होते, त्यात नवं काही नाही. जंतू-निरीक्षक खरमाळेबाई आल्या, दारांच्या कड्या, दिव्यांची बटणं, फ्रिजचा दांडा, सगळ्यांवरून कापसाच्या काड्या फिरवून गेल्या आणि आठवड्याने जंतूंचा जबाब घेऊन परत आल्या. माणूस राहतो तिथे त्याचे जंतू राहतात. ज्याचे जंतू नाहीत, तो राहत नाही. सरळ हिशेब.

"तुमचा मुलगा आहे," बाईंनी कागद वाचला. "सूनबाई तर घरभर आहेत. तुम्ही कुठेच नाही."

"अहो, मी हा काय तुमच्यासमोर बसलोय!"

"बसला असाल. जंतूंना तीनदा विचारलं. नाव ऐकून आहोत म्हणाले, ओळख नाही."

"मग मी राहतो तरी कुठे?"

"जिन्याच्या कठड्यावर. दुसरा आणि तिसरा मजला यांच्या मधे. तिथले जंतू फार चांगलं बोलतात हो तुमच्याबद्दल." बाईंनी पान उलटलं. "हरकतीला एकवीस दिवस. नंतर तुमची कॉट तिकडे हलवावी लागेल."

नाफड्यांची सून मृणाल हे ऐकून रडायलाच लागली. "खिडकीची खोली दिली मी बाबांना! आता लोक म्हणणार, सासऱ्याला जिन्यात टाकलं!"

तिचा खरंच काही दोष नव्हता. नाफडे एकतीस वर्षं एका सरकारी विश्रामगृहाचे रखवालदार होते. साहेब यायच्या आत तिथे आधी कुणी होतं याची खूणसुद्धा राहता कामा नये, ही त्यांची नोकरी. नोकरी संपली, खांद्यावरचं फडकं राहिलं. पाणी प्यायले की पेला धुऊन, पुसून, पालथा. बटण दाबलं की बटण पुसलं. कठडा तेवढा त्यांनी कधी पुसला नाही, कारण तो सोसायटीचा. आपण कोण त्याला पुसणार? आपला या घरात कुणाला काडीचा त्रास नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता!

"फडकं द्या इकडे," मृणाल म्हणाली, आणि तिने ते कपाटात कुलूप लावून ठेवलं.

नाफडे घरभर हात लावत हिंडू लागले. पण हात लावायचे तो दोन बोटांनी, परक्याच्या दुकानात मांडलेल्या वस्तूला लावावा तसा, आणि मागून सदऱ्याची बाही फिरायचीच. पंधराव्या दिवशी बाईंनी पुन्हा काड्या फिरवल्या. जबाबात एका ओळीची भर पडली होती. 'सदर इसम येऊन-जाऊन असतो. पाहुणा असावा.'

नाफड्यांना ते फार लागलं. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत.

सतराव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी टेप घेऊन आले आणि त्यांनी जिन्यातली जागा मोजली. "पाय जरा दुमडावे लागतील," ते म्हणाले, "बाकी हवा छान आहे."

नाफडे घरात आले ते तणतणतच. हात धुतले, पुसायला फडकं नव्हतं, तसेच पाटावर बसले. वरणभात पुढे होता. लोणचं हवं होतं. एरवी ते मागायचेही नाहीत. आज त्यांनी बरणी ओढली, चमच्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि निथळता हात मनगटापर्यंत आत घातला.

"बाबा!" मृणाल ओट्यापासून ओरडली. "ओला हात? लोणच्याला? अख्ख्या वर्षाचं आहे ते! अक्कल गहाण ठेवलीत का?"

सहा वर्षांत त्या घरात त्यांच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. मृणालने स्वतःच जीभ चावली. नाफड्यांनी बोटं चाटली.

"मग काय झालं?" ते म्हणाले. "माझंच घर आहे." आणि आणखी एक फोड काढली.

एकविसाव्या दिवशी बाई आल्या तेव्हा लोणच्यावर पांढरी बुरशी धरली होती. बाईंनी काडी फिरवली, काचेच्या नळीत घातली, नळी कानाशी धरली, बराच वेळ मान डोलावली.

"ओळखतात?" नाफड्यांनी विचारलं.

"ओळखतात म्हणजे काय! आमचे नाफडे म्हणतायत." बाईंनी शिक्का मारला. "पत्ता मात्र बरणीचाच पडेल. 'स्वयंपाकघर, डावीकडची बरणी. कायम वास्तव्य.' चालेल?"

"पळेल!"

कठड्यावरच्या जंतूंनी हरकत घेतली नाही. येता-जाता हात ठेवत जा, एवढंच त्यांनी कळवलं.

नाफडे चहा प्यायले आणि कप तिथेच ठेवून उठले. "हा कप कोण उचलणार?" मृणाल करवादली. ते गॅलरीत पेपर वाचत बसले. त्यांना फार बरं वाटत होतं.

पुढे मृणालने नवं लोणचं दुसऱ्या बरणीत घातलं. जुनी बरणी अजिबात धुवायची नाही, असं तिने भांडीवाल्या मावशींना बजावून ठेवलंय. तिच्यात बाबा राहतात.