लाडू संपल्यावर

आटपाडीची संयोगिता सांगलीत टेनिसचा उपांत्य सामना हरली त्याला बराच वेळ होऊन गेला होता, तरी बिराप्पाच्या वडाप, म्हणजे गावोगाव प्रवासी भरून फिरणाऱ्या, जीपमध्ये अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं. जीपमध्ये पीरमहंमद बसलेला असताना असं होणं ही साधी गोष्ट नव्हती. पीरमहंमद आटपाडीत कपडे शिवतो, पण तालुका त्याला ओळखतो तो कुस्तीच्या मैदानातला निवेदक म्हणून. एका जत्रेत ऐन शेवटच्या कुस्तीला माईक बंद पडला, तेव्हा त्यानं तो बाजूला ठेवून नुसत्या गळ्यावर कुस्ती सांगितली आणि निकाल ऐकून शेजारच्या गावात फटाके वाजले, असं सांगतात. सांगणारा बहुतेक वेळा पीरमहंमदच असतो. पण म्हणून ते खोटंच असेल असं नाही.

आज मात्र तो खिडकीबाहेरच्या द्राक्षबागांकडे बघत बसला होता. शेजारी त्याची बायको जीनत मांडीवर स्टीलचा डबा धरून होती. पुढच्या सीटवर बिराप्पाच्या बाजूला अनंत सर होते. ते आटपाडीच्या वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. संयोगिता वडिलांबरोबर आधीच पुढं गेली होती.

तासगाव मागं पडल्यावर बिराप्पाला राहवेना.

"सर, हातात आल्याली मॅच गेली कशी वो? येक पॉइंट पायजे हुता. येक!"

अनंत सरांनी घसा साफ केला. "मानसिक कणखरता," ते म्हणाले. "तंत्र आहे, ताकद आहे. शेवटच्या क्षणी मन कमी पडलं."

"म्हंजी पोरगी भ्याली?"

"भीती नव्हे. जिंकायची वेळ जवळ आली की मन पुढं पळतं आणि शरीर मागं राहतं. मी या विषयावर एक पुस्तक वाचलं आहे."

"मग मन घट्ट करायचं कसं, ती पन लिवलं आसंल की त्येच्यात."

"ते पाचव्या प्रकरणात होतं."

"मग?"

"पाचव्या प्रकरणापासून वाळवी लागली होती," सर म्हणाले. त्यामुळे मन कच्चं कसं पडतं एवढंच सरांना पक्कं ठाऊक होतं.

बिराप्पा मूळचा दुष्काळी जतकडचा. त्याला पुस्तकाची गरज वाटली नाही. "तिला आमच्याकडं ठिवा चार म्हैनं. पान्याचा टँकर आज येतोय का उद्या, ह्येची वाट बगत बसली की मन आपसूक दगडावानी हुतंय. आमच्यातली म्हातारी मानसंसुदा हटत न्हाईत."

"पोरीच्या मनाचं ऱ्हाऊ द्या," मागून जीनत म्हणाली. "आदी मला सांगा, लाडू कुनी खाल्लं?"

बिराप्पानं एकदम आरसा नीट करायला घेतला. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

हे लाडू म्हणजे साधा खाऊ नव्हता. टेनिसमध्ये खेळ चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं, आणि पीरमहंमदच्या आयुष्यात खेळ आणि गप्प बसणं या दोन गोष्टी कधी एकत्र आल्या नव्हत्या. मागच्या एका स्पर्धेत संयोजकांनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं होतं. पुढचा सामना त्यानं भिंतीपलीकडच्या रसवंतीत बसून, नुसता चेंडूचा आवाज ऐकत काढला. तेव्हा जीनतनं उपाय शोधला. चिकीच्या गुळाचे, शेंगदाण्याचे, चांगले मुठीएवढे लाडू. तोंडात गेला की जबडा चिकटायचा आणि एक गेम निघून जायचा. सांगलीला जाताना तिनं तीन सेट पुरतील एवढे लाडू वळले होते. टायब्रेकसुद्धा धरला होता.

आणि तिसऱ्या सेटमध्ये संयोगिताला जिंकायला एक पॉइंट हवा असताना जीनतनं डब्यात हात घातला, तो तळाला लागला.

पुढचं सगळ्या कोर्टानं ऐकलं. संयोगिताची पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरीसाठी तिनं चेंडू वर उडवला, आणि त्याच वेळी पीरमहंमदच्या मोकळ्या झालेल्या तोंडातून आवाज उठला, "आनि बघा मंडळी, आटपाडीची वाघीन! आता हानतीया बघा धोबीपछाड!" चेंडू जाळीच्या खालच्या पट्टीला जाऊन आपटला. डबल फॉल्ट. अंपायरनं उंच खुर्चीवरून असं पाहिलं की पीरमहंमदनं स्वतःच्याच तोंडात रुमाल कोंबला. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो गेम गेला, त्यामागून सेट गेला.

भिवघाटात चहाला थांबल्यावर जीनतनं डबा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"बोला."

"जाताना येक घेतलावता," बिराप्पा बशीत बघत म्हणाला. "घाटात."

"येकच?"

"घाट लांब हाय, वैनी."

जीनतनं नजर सरांकडे वळवली. सरांनी कप खाली ठेवला. "मी एकच घेतला. बिराप्पानं पुढं केला. नको म्हणणं बरं दिसलं नसतं."

"तरी मी म्हनतीया, टायब्रेकसकट धरल्यालं लाडू संपलं कसं!" जीनत कडाडली. "आनि वर पोरीचं मन कच्चं म्हनताय व्हय? मन न्हाई कच्चं तिचं. तुमची तोंडं कच्ची हायती. ह्यांचं बोलायला, आनि तुमचं खायला!"

तेव्हा पीरमहंमद पहिल्यांदा बोलला, आणि इतक्या हळू की चहावाल्यानं वळून पाहिलं.

"लाडवाचा दोष न्हाई. माजा हाय. माज्यामुळं हरली पोरगी."

संयोगिताच्या अंगावर आजपर्यंत सामन्यासाठी जो स्कर्ट चढला तो पीरमहंमदच्या मशिनवरून उतरलेला. ती आठ वर्षांची असताना त्यानं पहिला शिवला. दुसरा चेंडू ठेवायला खिसा लागतो हे कळल्यावर त्यानं तो चार वेळा उसवून बसवला. त्याच वर्षी जत्रेत दोन कुस्त्यांच्या मध्ये तिला खांद्यावर घेऊन त्यानं माईकवरून सांगितलं होतं, "ह्या पोरीकडं बघून ठिवा मंडळी, ही आपल्या गावाचं नाव सांगनार हाय." तेव्हा लोक हसले होते. तिच्या वडिलांनी, सुमंतनं, डाळिंबाच्या पॅकिंग शेडमधल्या फरशीवर रंगानं कोर्टाच्या रेघा आखल्या होत्या. हंगामात डावीकडं क्रेट लागायचे, म्हणून पोरगी उजव्या कोपऱ्यात चेंडू टाकायला शिकली. तोच फटका आज राज्यात कुणाला परतवता येत नाही.

"फुडल्या म्हैन्यात सोलापूरला मोटी स्पर्धा हाय," पीरमहंमद म्हणाला. "मी न्हाई येनार. इथनं फुडं कवाच न्हाई येनार."

एवढं ऐकल्यावर बिराप्पाचा जीव कळवळला. "आरं, तुज्या येकट्यामुळं कशी हरंल गड्या? तवा बरोबरीच झाली की. त्येच्या फुडच्या पॉइंटला माजा फोन वाजला. ढोल वाजतोय त्येच्यात, म्हाईत हाय न्हवं तुला? वडापचं पाशिंजर हुतं. 'जीप कवा सुटनार' म्हनून इचारत हुतं. खरी ती माज्यामुळं हरली."

"तसं नाही बिराप्पा," अनंत सर म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "त्याच्या पुढच्या पॉइंटला माझ्या डोळ्यावर ऊन आलं, म्हणून मी जागा बदलली. अंपायरच्या मागून गेलो. वाकून गेलं की दिसत नाही असं मला वाटलं. सगळे थांबून माझ्याकडे बघत होते हे मला पलीकडे पोचल्यावर कळलं. दोष माझा आहे."

"सर, तुमच्या वाकन्यानं काय हुतंय? माजा ढोल लय मोटा वाजला!"

"आवाजाचा प्रश्न नाही, एकाग्रतेचा आहे. नजरेसमोरून माणूस जाणं जास्त वाईट."

"ये, गप बसा दोगं!" पीरमहंमद उसळला. "ढोल म्हनं! माज्या आवाजाफुडं तुजा फोन कुनाला ऐकू जाईल? मॅचपॉइंट माज्यामुळं गेला. तुमी दोगं नंतरचं!"

थोड्या वेळापूर्वी जो दोष कुणालाच नको होता तो आता प्रत्येकजण आपल्याकडे ओढत होता. जीनतनं कपाळाला हात लावला आणि डबा उचलला. "चला आटपाडीला. जिची मॅच हाय तिलाच इचारू."

शेडमध्ये संयोगिता उलट्या क्रेटवर बसून, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून डाळिंब सोलत होती. चौघं आत आले आणि रेघेच्या बाहेर, शिक्षेला उभं राहिल्यासारखे ओळीनं उभे राहिले. आधी कुणी बोलायचं यावरून थोडी ढकलाढकली झाली. मग तिघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. ढोल, ऊन, वाकणं, वाघीण, लाडू, सगळं एकमेकांत मिसळलं.

संयोगितानं शांतपणे ऐकून घेतलं. तोंडातले दाणे संपवले.

"कसला ढोल?" ती म्हणाली.

बिराप्पा गडबडला. "माजा... फोन. लय वाजला की."

"न्हाई बा. मला न्हाई ऐकू आला. आणि सर, तुम्ही कधी गेलात पलीकडं? मी तर तुम्हाला बघितलंच न्हाई."

सरांना हायसं वाटलं. पण सर थोडे खट्टूही झाले. इतक्या लोकांनी त्यांच्याकडे एकदम बघण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

"आनि मी?" पीरमहंमदनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मॅचपॉइंटला?"

संयोगितानं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही काही बोललात का, काका?"

पीरमहंमदनं बिराप्पाकडं बघितलं, मग जीनतकडं.

"मला खेळताना काहीच ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "माझा चेंडू उडवतानाच पुढं गेला. पाय जड झाले होते. आणि समोरची पोरगी शेवटी लय चांगली खेळली. एवढंच झालं."

समोरची पोरगी चांगली खेळली असेल, ही शक्यता सांगलीपासून आटपाडीपर्यंत कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

"बघा!" अनंत सर एकदम म्हणाले, आणि एवढ्या मोठ्यानं बोलल्याबद्दल स्वतःच दचकले. "हीच! हीच ती मानसिक कणखरता! आम्ही कच्चं मन म्हणत होतो, आणि हिला ढोलसुद्धा ऐकू येत नाही! मला वाटतं, हेच पाचव्या प्रकरणात असणार."

"जतला ठिवायची गरज न्हाई," बिराप्पा अभिमानानं म्हणाला. "तयार हाय पोरगी!"

जीनतनं संयोगिताच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मग बिराप्पा आणि सर जीपकडे गेले. जाताना दोघंही अशा थाटात चालत होते की उपांत्य सामना त्यांनीच जिंकला असावा. जीनतही निघाली. पीरमहंमद मागं रेंगाळला.

"येणार न्हवं सोलापूरला, काका?" संयोगितानं विचारलं.

"तुला तरास न्हाई ना हुनार?"

"कसला त्रास? नवा स्कर्ट पायजे मला. ह्याचा खिसा फाटलाय."

पीरमहंमदनं मान हलवली आणि तो दाराकडे वळला. मागून पाण्यात पाय हलवल्याचा आवाज आला, आणि मग संयोगिताचा, अगदी हळू.

"काकींना म्हणावं, लाडू जरा जास्त वळा. आणि काका... टेनिसमध्ये धोबीपछाड नसतो."

पीरमहंमद उंबऱ्यातच थांबला. वळून बघितलं तर ती खाली मान घालून डाळिंब सोलत होती. ओठ घट्ट मिटले होते, पण गाल हसत होते.

बाहेर बिराप्पानं हॉर्न वाजवला. पीरमहंमद येऊन जीपमध्ये बसला.

"काय म्हनली रं?" बिराप्पानं गाडी सुरू करत विचारलं.

"सोलापूरला या म्हनली."

"जायचंच की! आता काय भ्या हाय? बिनधास वरड." बिराप्पाला एकदम हसू आलं. "पर गड्या, येक सांगू? राग मानू नगंस. तुजा आवाज आता म्हातारा झाला. शेजारच्या गावात फटाकं वाजवत हुतास, आनि आज पंदरा पावलांवरच्या पोरीला ऐकू गेला न्हाईस!"

अनंत सरसुद्धा हसले. "वयाचा परिणाम. त्यात वाईट वाटून घेऊ नका."

पीरमहंमद ताठ झाला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, छाती भरून आली आणि तोंड उघडलं. जीनतनं ते पाहिलं आणि सवयीनं तिचा हात डब्यात गेला. डबा रिकामा होता.

पीरमहंमदनं तोंड मिटलं. पोरीच्या शेडमधला दिवा दिसेनासा होईपर्यंत तो मागं बघत राहिला, आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.