सासरे अडकले!

"बाहेर कशाला द्यायचं? फिल्म मी करतो की!"

हे मी तोंडात घास असताना बोललो, त्यामुळे कुणाला नीट ऐकू गेलं नसेल अशी आशा होती. गेलं होतं. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि मेव्हणा त्यांच्यावर एका स्टुडिओकडून फिल्म करून घेणार होता. आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. मेव्हणा तर फारच प्रेमाने.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर पहिली क्लिप टाकली. त्याने एक सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले. कायमचे.

"नवा घेऊ," बायको म्हणाली. "पण वॉशिंग मशीनसाठी पैसे ठेवलेत तेवढ्यातच. आणि फिल्म जमली नाही, तर कपडे तू धुवायचेस."

दुकानात शिरताच मी सेल्समनला म्हणालो, "रॅम दणकट हवी." (रॅम आत असते की बाहेर, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.) त्याने एक सडपातळ, सुरेख लॅपटॉप पुढे केला. मी लगेच कार्ड काढलं.

"थांब," बायको म्हणाली आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "आधी आपलं काम लावून बघू." तिने सेल्समनकडून चार क्लिप एकावर एक रचून घेतल्या, वर गाणं, त्यावर अक्षरं. त्यातली एक क्लिप सासऱ्यांची, तिनेच शूट केलेली. मी ती ऐकलेली नव्हती. (दिग्दर्शकाला कुठे वेळ असतो?)

स्क्रीनवर सासरे म्हणाले, "पन्नास वर्षांत हिने मला एकदाही..."

आणि अडकले. तोंड उघडं, बोट वर.

"एकदाही काय?" शेजारी चार्जर घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं.

दुसरा लॅपटॉप आला. कीबोर्डखाली लाल-निळे दिवे. मी पुन्हा कार्ड काढलं. त्याचा पंखा असा घोंघावू लागला की आता उडतोय असं वाटलं. "...एकदाही वाक्य पुरं..." सासरे पुन्हा अडकले.

आता गिऱ्हाइकं गोळा झाली होती. कॅशियर काउंटर सोडून आला.

"तिसरा आणा!" तोच ओरडला.

तिसरा मागच्या वर्षीचा. जाडजूड, राखाडी, दिसायला सरकारी. पण रॅम दुप्पट, ग्राफिक्स कार्ड वेगळं, आणि जुनं मॉडेल म्हणून स्वस्त. सासरे सुरू झाले. "...एकदाही वाक्य पुरं करू..."

तोंड उघडं, बोट वर.

"हाही अडकला!" मी विजयी सुरात ओरडलो. "सगळे सारखेच! मी म्हणत नव्हतो?"

तेवढ्यात लॅपटॉपमधून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "तुम्ही थांबा हो, मी सांगते!"

लॅपटॉप चालत होता. थांबले होते ते सासरे.

दुकान हसून हसून लोळलं. मालकाने डोळे पुसत आणखी किंमत कमी केली, बॅगही फुकट दिली. वॉशिंग मशीनच्या पैशांतून चक्क उरले!

मग मी आठवडाभर राबलो. खरंच राबलो. सासूबाईंच्या बोलण्याखाली सासरे काहीतरी पुटपुटत असल्यासारखं वाटत होतं. मी सासूबाईंचा आवाज खाली आणला, सासऱ्यांचा वर नेला, पुन्हा ऐकलं, पुन्हा नेला. शेवटी वाक्याचं शेपूट सापडलं.

समारंभात मोठ्या पडद्यावर सासरे म्हणाले, "पन्नास वर्षांत हिने मला एकदाही वाक्य पुरं करू दिलं नाही... आणि माझं काही अडलंही नाही."

सासूबाई गप्प झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा. मग पदराने डोळे टिपू लागल्या. टाळ्या थांबेनात. मेव्हण्याने येऊन माझा हात दाबला आणि म्हणाला, "स्टुडिओला हे जमलं नसतं." मी जमिनीपासून वीतभर वर होतो.

सासूबाईंनी लॅपटॉपवरून मायेने हात फिरवला. "एवढ्याशा पैशांत एवढा गुणी! निवडला कुणी?"

"मी," बायको म्हणाली.

"वाटलंच. माझ्या लेकीची निवड सहसा चुकत नाही," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं, आणि कुणाचा गैरसमज व्हायला नको म्हणून पुन्हा म्हणाल्या, "सहसा."