उठायच्या आधी विचारा

आमच्या घरात खुर्चीवरून उठायचं असेल, तर आधी विलासभावजींना विचारावं लागतं. बसायचं असेल तरीही. मी एका पतसंस्थेची शाखा सांभाळते. दिवसभर माणसांना उठा-बसा सांगणं हेच माझं काम. पण घरी आले की मीच दारात पर्स धरून उभी.

"भावजी, बसू का?"

"थांबा वहिनी, सेव्ह करतो. हं, बसा. दमानं."

दमानं हा त्यांचा आवडता शब्द. स्वतःचा चहा मात्र ते उभ्या उभ्या एका घोटात संपवतात.

विलासभावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. पन्नाशी जवळ आली, लग्न केलेलं नाही. साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचं काम ते कोल्हापुरात बसून करतात. कोल्हापुरात म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर. राजारामपुरीतच, दोन गल्ल्या सोडून त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे. तिथं ते फक्त झोपायला जातात. सकाळी नाश्त्याला लॅपटॉप घेऊन हजर. मोठा मॉनिटर आमच्याकडेच मुक्कामाला, रात्री टॉवेल पांघरून.

तो मॉनिटर मध्येच काळा पडतो. दोन-तीन सेकंद. परत येतो, पण तोवर त्याच्यावर उघडलेलं सगळं लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर येऊन एकमेकांच्या अंगावर पडलेलं असतं. मॉनिटर काढून टाका म्हणावं, तर तेही जमत नाही. एकीकडे चालू काटा, दुसरीकडे त्याचा हिशेब, दोन्हींवर एकदम नजर लागते.

पहिला संशय माझ्या मिक्सरवर आला. महिनाभर चटणी खलबत्त्यात कुटली. मग फ्रीज, मग सोसायटीचा पंप. केबली इतक्या बदलल्या, की दुकानदार त्यांना बघितल्यावर आधी चहा सांगायचा. शेवटी एका सकाळी भावजी हळू आवाजात म्हणाले, "दादा, ऊठ."

हे पेपर बाजूला ठेवून फिरत्या खुर्चीवरून उठले. मॉनिटर काळा.

"बस. ऊठ. बस."

"अरे, तालमीत एवढ्या बैठका मारल्या न्हाईत मी," हे धापा टाकत म्हणाले.

"खुर्चीत वीज हाय, दादा."

मी हसले. पण दुकानदारानंही तेच सांगितलं. उठता-बसता कापड घासून वीज तयार होते आणि केबलला झटका बसतो. फिरती खुर्ची गॅलरीत गेली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी त्रास कमी झाला, पण संपला नाही. मग माझ्या साड्यांची चौकशी सुरू झाली. "मीटिंगच्या दिवशी सुती नेसत जावा की, वहिनी."

मी म्हटलं, "भावजी, तुमच्या फ्लॅटमध्ये तुम्ही एकटे. उठायला कोण नाही, बसायला कोण नाही. तिथं का नाही काम करत?"

"तिथं रेंज न्हाय." मी जाऊन बघितलं, रेंज होती. मग म्हणाले, ऊन येतं. पडदे लावून दिले. मग म्हणाले, पडद्यानं कोंडल्यासारखं हुतंय. मी नाद सोडला.

आणि एक दिवस ऐन मीटिंगमध्ये कोडोलीहून मामा आले. ह्यांचे सख्खे मामा, डोक्याला फेटा, हातात गुळाची ढेप. भावजींनी मान न वळवता हात वर केला.

"मामा, बसू नका."

कोल्हापुरात दारात आलेल्या वैऱ्यालाही 'बसा की' म्हणतात. मामांचा चेहरा बघवेना.

"पावण्याला हुबं करायची रीत कवापासनं काढलीसा रं?" असं म्हणून त्यांनी ढेप टेबलावर आपटली आणि सगळं अंग खुर्चीत टाकलं.

मॉनिटर गेला. भावजी पुण्याच्या मंडळींना पडदा दाखवत होते. त्यांना आता वजनकाटा सोडून लॅपटॉपवर अर्धवट बघून ठेवलेला कुस्तीचा व्हिडिओ दिसायला लागला. मामा वाकून म्हणाले, "ह्यो वरचा पैलवान कुठला?" तेही पुण्यात ऐकू गेलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. भावजींनी तो गॅलरीत, त्या हद्दपार खुर्चीजवळ उभं राहून घेतला. आत आले ते पांढरे पडून. मंगळवारी कारखान्याच्या संचालकांपुढं सगळं दाखवायचं होतं. तिथं पडदा गेला, तर घरून काम बंद. पुण्यात येऊन बसा, नाहीतर राजीनामा द्या.

"पुण्यात मी कुणाकडं जाऊ, वहिनी?"

ह्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. मी म्हटलं, "मंगळवारी तुमच्या फ्लॅटमध्ये बसायचं. विषय संपला."

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. रिक्षात मॉनिटर मांडीवर घेऊन गेले. लहान मुलालाही मी इतकं सांभाळून कधी नेलं नव्हतं. त्यांच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. एकदा लग्न ठरत आलं होतं तेव्हा घेतलेल्या. त्यातल्या तीन खुर्च्यांवर अजून दुकानातलं प्लॅस्टिक.

सगळं जोडून झाल्यावर भावजी म्हणाले, "थांबता का जरा?"

"थांबले तर बसेन, बसले तर उठेन. आज नको." मी दार ओढून घेतलं.

घरी आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. मॉनिटर घरात नव्हता, तरी हे पाणी प्यायला उठताना सवयीनं थबकले. दुपार कलली. फोन नाही. मी केला, उचलला नाही. ह्यांना म्हटलं, डबा भरते. पोळ्या गुंडाळल्या आणि फ्लॅटवर गेले.

दार उघडंच होतं. भावजी चालू मॉनिटरसमोर बसले होते.

"गेला का पडदा?"

"न्हाय. साहेब खूश हैत. म्हणाले, असंच चालू दे, हितनंच काम करत जावा."

"मग फोन का उचलत नाही? आमचा जीव टांगणीला."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"एकदाबी गेला न्हाय, वहिनी. दिवसभरात कोण उठलंच न्हाय."

मी पोळ्या वाढल्या, मॉनिटर परत आमच्याकडे न्यायला केबल गुंडाळायला घेतली. मग ती परत जोडली. नोकरी टिकायला हवी होती.

पुढच्या मीटिंगला मी गवारीची पिशवी घेऊन तिकडे गेले. सतरंजी अंथरली आणि खाली, भिंतीला टेकून बसले. सुती साडी नेसले होते. भावजी कानाला यंत्र लावून पुण्याशी बोलत होते, वजनं, गाड्या, साखरेचे उतारे. माझ्याकडे पाठ होती. मी आवाज न करता शेंगा मोडत होते.

मध्येच त्यांनी आपला माईक बंद केला. मान वळवली नाही.

"हाईसा न्हवं?"

"हाय," मी म्हणाले.

त्यांनी माईक चालू केला आणि पुढचा काटा दाखवायला घेतला.